चवथीला घासलेला टायर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत गाडी सजवण्याबद्दल जे पान आलंय त्यात एक वाक्य होतं, मोठी अलॉय (म्हणजे टायर बसतो ती मिश्रधातूची रिम) आणि रुंद टायर घातले की ग्रिप आपोआप वाढते. वाचून आधी हसू आलं, मग गेल्या वर्षीची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आठवली आणि हसू गेलं, म्हणून हे पत्र. जागा कमी असेल तर खुशाल कात्री लावा पण आकडे तेवढे कापू नका, कारण सगळा घोळ आकड्यांचाच आहे.

माझी गाडी म्हणजे टर्बो पेट्रोल सेडान, सेकंडहँड घेतलेली. कंपनीचे टायर २०५/५५ आर १६, अलॉय साडेसहा इंच रुंद, ऑफसेट ४६ (हे आकडे म्हणजे काय ते पुढे सांगतो). दिसायला एकदम सभ्य, शाळामास्तरची वाटावी अशी, पण ओल्या रस्त्यावर दुसऱ्या गियरमध्ये पाय दाबला की पुढची चाकं जागच्या जागी फिरतात आणि ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकायला लागतो. त्यामुळे रुंद टायर ही नुसती हौस नाही, गरज आहे असं मी बायकोला सांगितलं आणि ते निम्मं खरं होतं.

दुकानाचं नाव लिहीत नाही, माणूस ओळखीचा आहे. तिथे मला १८ इंची, आठ इंच रुंद, ऑफसेट ३५ ची अलॉय आवडली, आणि त्या मापात त्याच्याकडे टायर शिल्लक होते २३५/४५. मी विचारलं गाडीला घासणार नाहीत ना, तर म्हणाला पात्रांव, बिनधास्त घाला, सगळे घालतात. घातले. गाडी इतकी मस्त दिसत होती की आठ दिवस मी कारण नसताना पणजीला जाऊन येत होतो, पण एकटाच, आणि तिथेच फसलो.

चवथीच्या आदल्या दिवशी फोंड्याहून सत्तरीतल्या घरी निघालो. पुढे मी आणि बायको, मागे आई, काकी आणि भाचा, डिकीत गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान, म्हणजे नारळ, केळ्यांचा घड, सुपारीचे कातरे, तवशी, काय विचारू नका. पहिल्या स्पीडब्रेकरला मागून घर्र असा आवाज आला, काकी म्हणाली नारळ गडगडले. दुसऱ्याला परत तेच. तिसऱ्यानंतर रबर जळल्याचा वास यायला लागला तेव्हा उतरलो. पाऊस धो धो, भाच्याने मोबाईलचा उजेड धरला आणि बघतो तर मागच्या मडगार्डमधला प्लास्टिकचा लायनर चुरगळून लोंबतोय, आणि टायरच्या बाहेरच्या खांद्यावर बोटभर रुंदीची चकचकीत पट्टी उठलीय, मडगार्डच्या पत्र्याची आत दुमडलेली कड बरोबर तिथे घासत होती. अजून दहा किलोमीटर तसाच गेलो असतो तर टायर कापलाच असता. शेवटी काकी, भाचा आणि नारळ कदंबाच्या बसने गावी पोचले आणि आम्ही मागून वीसच्या स्पीडने. काकी अजून बोलून दाखवते.

चवथ झाल्यावर वही घेऊन बसलो. २०५/५५ आर १६ म्हणजे टायर २०५ मिमी रुंद, साईडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची त्याच्या ५५ टक्के म्हणजे ११३ मिमीच्या आसपास, ती वर आणि खाली धरायची, मध्ये १६ इंचाची रिम, एकूण व्यास ६३२ मिमी. दुकानदाराने दिलेल्या २३५/४५ आर १८ चा व्यास येतो जवळपास ६६९. पावणेसहा टक्के जास्त! म्हणजे चाक मडगार्डकडे १८ मिमी वर सरकलं. शिवाय स्पीडोमीटर पहिल्यापेक्षा तेवढाच कमी दाखवणार, आणि स्पीड कॅमेऱ्याला तुमच्या अलॉयचं काही कौतुक नसतं.

दुसरी गोष्ट ऑफसेट, जी मला कोणीच विचारली नाही. रिमच्या बरोबर मध्यापासून हबला (गाडीचा जो भाग चाकाला धरून ठेवतो त्याला) टेकणारी बाजू किती मिमी बाहेर आहे तो हा आकडा, बहुतेक अलॉयवर ईटी लिहून कोरलेला असतो, आणि तो जेवढा कमी तेवढं चाक बाहेर येतं. माझी रिम दीड इंचाने रुंद झाली म्हणजे दोन्ही बाजूंना १९ मिमी वाढली, वर ऑफसेट ११ ने कमी, असं मिळून चाकाची बाहेरची कड ३० मिमी बाहेर आली. एकटा असताना मागची सस्पेन्शन खाली बसत नव्हती म्हणून घासत नव्हतं. पाच माणसं आणि अर्धा बाजार भरला की बसणारच ना.

आता ग्रिपबद्दल. कोरड्या रस्त्यावर वळणावर रुंद टायर चांगला धरतो, बोरीच्या वळणांवर मी स्वतः अनुभवलंय, त्यात वाद नाही. पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस असतो आणि साचलेल्या पाण्यात रुंद टायरला पुढचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, तेच वजन रुंद पट्ट्यावर पसरलेलं असतं, त्यामुळे खाचा झिजलेल्या असतील तर तो अरुंद टायरपेक्षा लवकर पाण्यावर तरंगतो, स्टिअरिंग एकदम हलकं लागतं आणि पोटात गोळा येतो. कायद्याने खाच १.६ मिमी असली तरी चालते, मी ३ वर आली की टायर बदलतो. आणि साईडवॉल बुटकी झाली की खड्ड्यात रिमच आपटते, मग टायरला कुशीवर फुगा येतो, आतले धागे तुटलेले असतात, त्याला पंक्चरवाला काही करू शकत नाही, टायर फेकायचाच.

म्हणून रुंद टायर नकोच असं मी म्हणत नाही. आता गाडीला १७ इंची, साडेसात इंच रुंद, ऑफसेट ४५ ची अलॉय आणि २२५/४५ आर १७ टायर आहेत. व्यास ६३४, अर्धा टक्काही फरक नाही. चाकाची बाहेरची कड १४ मिमी बाहेर आणि आतली कड १२ मिमी आत सरकली, आत शॉकअॅब्सॉर्बरला लागत नाही ना ते हात घालून बघितलं, मग मागे चार माणसं बसवून स्पीडब्रेकरवरून फिरवली आणि मगच पैसे दिले. लोड इंडेक्सही बघा, माझा कंपनीचा ९१ होता म्हणजे एका टायरला ६१५ किलो, नवीन ९४ आहे, म्हणजे ६७०. हा आकडा कंपनीच्यापेक्षा खाली जाऊ द्यायचा नाही, टायर कितीही स्वस्त मिळाला तरी. बाहेरच्या अलॉयचं मधलं भोक बहुतेक वेळा मोठं असतं, माझ्या हबला ५७.१ मिमी लागतं आणि अलॉयला ७३.१ होतं, मध्ये साठ-सत्तर रुपयांची वाटावी अशी एक रिंग बसते, ती नसली तर नव्वदच्या स्पीडला स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस पुन्हा पुन्हा बॅलन्सिंगचे पैसे घालवत बसतो.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीत नोंदलेल्या कंपनीच्या तपशिलांत परस्पर बदल करू देत नाही, तेव्हा मडगार्डच्या बाहेर आलेलं चाक घेऊन मिरवणाऱ्यांनी तेही लक्षात ठेवावं, आणि इन्शुरन्सवाल्याला अलॉय बदलल्याचं लिहून कळवावं. टायरच्या दुकानांना एकच विनंती, गिऱ्हाइकाला रंग विचारायच्या आधी जुन्या चाकाचा ऑफसेट बघा.

माझी ती अठरा इंची चारही चाकं पडवीत पडून आहेत. कोणी बघायला आला की मी आधी त्याच्या गाडीचा ऑफसेट विचारतो, त्यामुळे अजून विकली गेली नाहीत.

आपला,
एक वाचक, फोंडा