जिम सायमन्सचा अर्धाच हिशोब छापलात

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकन गुंतवणूकदार जिम सायमन्सवरचा लेख वाचला, पण सगळा लेख त्याच्या रेनेसान्स कंपनीच्या मेडॅलियन या गुंतवणूक फंडाच्या वर्षाला सरासरी ६६ टक्के परताव्यातच संपला (हा आकडा फी कापायच्या आधीचा आहे, ते पण लिहायला हवं होतं) आणि कमावलेलं कुठे दिलं यावर एक ओळ नाही, याचं खरंच वाईट वाटलं.

हा माणूस मुळात गणिताचा प्राध्यापक, न्यूयॉर्कमधल्या स्टोनी ब्रुक युनिव्हर्सिटीत विभागप्रमुख होता, चाळिशीत नोकरी सोडून धंद्यात उतरला आणि पुढे रेनेसान्समध्ये त्याने मार्केटवाल्यांपेक्षा गणितवाले, फिजिक्सवालेच जास्त भरले. त्याच युनिव्हर्सिटीला २०२३ मध्ये त्याच्या सायमन्स फाउंडेशन या देणगी देणाऱ्या संस्थेने ५० कोटी डॉलर दिले. टॅक्सच्या वादात २०२१ मध्ये रेनेसान्सच्या लोकांना अब्जावधी डॉलर भरावे लागले, ते पण छापा, लपवायचं काही कारण नाही.

पण मी स्वतः शाळेत गणित शिकवतो म्हणून मला सगळ्यात भावली ती सायमन्सने २००४ मध्ये सुरू केलेली 'मॅथ फॉर अमेरिका' ही संस्था. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांमधले गणित-विज्ञानाचे चांगले शिक्षक निवडायचे, चार वर्षं पगाराच्या वर जादा पैसे द्यायचे, एकमेकांकडून शिकायला एकत्र बसवायचं, आणि अट काय तर वर्गात शिकवत राहायचं. आपल्याकडे चांगला शिक्षक दिसला की आधी त्याच्या गळ्यात मतदार याद्या, सर्व्हे आणि ऑनलाइन माहिती भरायचं काम पडतं, मग पोरांचे अपूर्णांक राहतात ते राहतातच.

अजून एक. सायमन्स नवराबायकोचा मुलगा निक नेपाळमध्ये काम करून आला होता, २००३ मध्ये बालीला बुडून गेला. आईवडिलांनी त्याच्या नावाने नेपाळमध्येच संस्था काढली, ती खेड्यातल्या दवाखान्यांसाठी बाळंतपण करणाऱ्या नर्स आणि भूल देणारे सहाय्यक तयार करते. दुःखातून असं काम उभं करणं सोपं नाही हो.

आपल्या कंपन्यांचा सीएसआर फंड (समाजकार्यासाठीचा पैसा) शाळेला रंग, प्रोजेक्टर आणि त्यावर कंपनीची पाटी इथपर्यंत बऱ्याचदा येऊन थांबतो, शिकवणाऱ्या माणसावर खर्च करायचं फारसं कुणाला सुचत नाही. तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या उद्योगपतीची मुलाखत घ्याल तेव्हा निदान एवढा प्रश्न तरी विचारा, की जिल्हा परिषदेच्या गणित शिक्षकांसाठी तुम्ही काय करणार?

आपला,
एक गणित शिक्षक, बार्शी