बाबा, रिव्हॉल्व्हर घेऊ नका

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की आधी बाबांचा आवाज चढतो, मग माझा, आणि शेवटी आई "बरं, जेवलीस का?" म्हणून फोन काढून घेते. म्हणून हे पत्र. बाबा, आईला मोठ्यानं वाचून दाखवा, आणि मधलं गाळू नका.

वरच्या आळीतली घरं फुटल्यापासून तुम्हाला झोप लागत नाही, हे मला समजतं. शेजारची घरं गणपती आणि मे महिना सोडला तर कुलपात, पाखाडीवरचा दिवा गेलेला, आणि आम्ही दोघं भावंडं लांब. हाताशी काहीतरी असावं असं कुणालाही वाटेल. आजोबांची डबल बार, म्हणजे दोन नळ्यांची बारा बोअरची बंदूक, जुनी झाली, तर परवान्यावर एक .३२ चं रिव्हॉल्व्हर चढवून घ्यायचं, असं तुमच्या मनात आहे. घेता येईलही. २०१९ साली कायदा बदलला तेव्हा तीन हत्यारांची मर्यादा दोनावर आली, तुमच्याकडे एकच आहे. रत्नागिरीला जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, पोलिसांचा अहवाल, शरीर आणि मन धड असल्याचा डॉक्टरचा दाखला, घरात नीट ठेवण्याची हमी. हे सगळं तुम्ही निगुतीनं कराल, फायलीला दोरा बांधून द्याल. मला शंका पुढचीच आहे.

मी बंदूक बघून किंचाळणाऱ्यांतली नाही. एनसीसीत पालथं पडून .२२ रायफल चालवली आहे. दिवसाउजेडी, न हलणारं टार्गेट, डोक्यावर उभा राहून "श्वास रोखो" म्हणणारा हवालदार, खांद्याला टेकवलेला दस्ता, एवढं असूनही पहिल्या दिवशी माझ्या गोळ्या कागदाला चुकवून मागच्या मातीत गेल्या. रिव्हॉल्व्हरला तर खांदाही नाही. नळी आखूड, त्यामुळे मनगट जरा हललं की गोळी कुठल्या कुठे. घोडा आधी मागे ओढला नाही, तर ट्रिगर इतका जड लागतो की बोटाबरोबर सगळा हात खाली झुकतो. बाबा, तुमचा उजवा हात चहाची बशी धरताना थरथरतो. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचंय. माजघरातल्या झिरो बल्बच्या उजेडात, झोपेतून उठून, ज्या हत्याराला सगळ्यात जास्त सराव लागतो तेच तुम्ही निवडताय. सराव तरी कुठे करणार? सड्यावर जाऊन बार काढता येत नाहीत, आणि जवळपास रेंज नाही.

मग दादा म्हणाला तसं, "बारा बोअरच बरी, छर्रे पसरतात, नेम धरायला नको." हे त्याला कुणी सांगितलं देव जाणे. छर्रे पसरतात ते लांबवर गेल्यावर. माजघराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते एका पंजाच्या आतच राहतात, म्हणजे नेम धरायलाच हवा. शिवाय तिची नळी लांबलचक. ओटीवरून माजघरात वळताना ती आधी चौकटीला आपटणार, आणि समोरच्या माणसानं नळी धरली की खेळ संपला. तरीही दोन्हींत निवडायचंच झालं तर मी बारा बोअर म्हणेन. दोन हात आणि खांदा मिळून ती धरली जाते, आणि तुमचा हात तिला सरावलेला आहे. .३१५ रायफलचं नावसुद्धा काढू नका. ती लांबच्या पल्ल्याची. आपल्या घराचे मधले कूड मातीचे आणि फळ्यांचे, तिची गोळी कूड भेदून पलीकडच्या खोलीत जाईल, आणि पलीकडच्या खोलीत आई झोपते. एअरगन परवान्याविना मिळते म्हणून ती आणाल, तर तिनं माणूस थांबत नाही, फक्त चिडतो.

आता आजोबांच्या बंदुकीचं. श्रावणात तुम्ही ती खुंटीवरून उतरवता, गजाला फडकं गुंडाळून नळीतून फिरवता, आणि तपकिरी होऊन बाहेर आलेलं फडकं मला न दाखवता चुलीत टाकता. मी बघितलंय. खाऱ्या हवेत नळी आतून खाल्ली जाते आणि वरून निळीशार दिसते. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. नळीच्या बुडाशी, काडतूस बसतं त्या घराखाली, अडीच इंचाचा आकडा कोरलेला आहे. म्हणजे ते घर ज्याला ६५ मिलिमीटरचं म्हणतात त्या काडतुसासाठी कापलेलं. आज दुकानात सर्रास मिळतं ते ७० चं. आणि गंमत अशी, की ७० चं काडतूस त्यात अगदी गुमान बसतं, कारण ७० हे माप बार उडाल्यावर काडतुसाचं दुमडलेलं तोंड उघडतं तेव्हाचं. तोंड उघडायला पुढे जागा नाही, दाब वाढतो, आणि जुनी गंजकी नळी तो दाब सोसेलच असं नाही. फुटली तर तुमच्या डाव्या हाताशी फुटेल. तेव्हा परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याला दाखवल्याशिवाय तिच्यात एकही काडतूस जाता कामा नये. वानरांना हुसकवायलासुद्धा नाही. फटाके आहेत, डबा आहे.

आई, हे तुझ्यासाठी. परवाना घराला मिळत नाही, माणसाला मिळतो. तो बाबांच्या नावावर आहे. ते समोर असताना तू बंदूक उचलून त्यांच्या हातात दिलीस तर ठीक, पण ते तपासणीला रत्नागिरीला मुक्कामी गेले आणि तू एकटी आहेस, तर त्या बंदुकीवर तुझा काहीएक हक्क नाही. आणि घरात एकटी तूच जास्त असतेस. ज्या संरक्षणासाठी एवढा खटाटोप, ते तुझ्यापर्यंत पोचतच नाही. बाबांनी हा विचार केलेला नसणार, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर ते स्वतः ओटीवर उभे आहेत आणि चोर खळ्यात थरथरतोय.

बंदूक रिकामी, काडतुसं वेगळ्या कपाटात, दोन्हींना वेगळी कुलपं: घरात पोरंबाळं येत असताना याला दुसरा पर्याय नाही. मे महिन्यात दादाची मुलं माडीवर लपाछपी खेळतात, त्यांना कुठलं कपाट वर्ज्य नसतं. पण असं ठेवलं की मध्यरात्री चष्मा, मग किल्ली, मग दुसरी किल्ली, मग काडतूस. तोवर चोर हर्णैला पोचलेला असेल. आणि भरून उशाशी ठेवलीत तर मला तिकडे पोरांना पाठवायचा धीर होणार नाही. या दोन्हींच्या मधला मार्ग मी खूप शोधला, तरुण माणसाला कदाचित असेल, झोपेची अर्धी गोळी घेऊन निजणाऱ्याला नाही.

शिवाय आपल्याकडे रात्री दार कोण वाजवतं? मुंबईची रातराणी एसटी पहाटे चारला फाट्यावर सोडते, फोनची बॅटरी मेलेली असते, आणि चाकरमानी कुत्र्यांना हाकलत मागच्या दारानं येतो. कुणाला साप चावलेला असतो, कुणाच्या सुनेला कळा लागलेल्या असतात. अंधारात मागच्या पडवीत उभी असलेली आकृती बहुतेक वेळा आपल्याच माणसाची असते.

कायदा तुमच्या बाजूनं आहे, पण तुम्हाला वाटतो तेवढा नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, स्वसंरक्षणाचा हक्क तिच्यात कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जिवावर बेतलं तर समोरच्याचा जीव गेला तरी तो गुन्हा होत नाही. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, हेही तिथेच लिहिलंय. नारळाचं पोतं घेऊन गडग्यावरून उडी मारणाऱ्या पोराच्या पाठीत बार घातलात तर त्याला बचाव म्हणत नाहीत. मग बंदूक जप्त, तुम्ही कोर्टाच्या पायऱ्या चढताय, आणि आई डबा घेऊन बाहेर बाकावर.

तुम्ही दर वेळी दिवेआगर काढता. मार्च २०१२, सुवर्णगणेशाच्या देवळावर दरोडा, दोन पहारेकरी जिवानिशी गेले. खरं आहे, अंगावर काटा येतो. पण ती सोन्याची मूर्ती होती आणि ती तिथे आहे हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक होतं. आपल्या घरात काय आहे? आईच्या पाटल्या, त्याही दापोलीच्या बँकेत. आपल्याकडे चोर बंद घर शोधतो, नाहीतर दुपारी येऊन "मावशी, दागिने चमकवून देतो" म्हणतो. त्या दुपारवाल्याची मला जास्त भीती. आई त्याला आधी पाणी विचारेल, मग बसायला पाट देईल.

आणि तुमचं दुसरं म्हणणं, वादळात वगैरे बंदूक हवी. ३ जून २०२० आठवा. निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि दापोली-मंडणगडची दैना झाली. तेव्हा काय नव्हतं आपल्याकडे? पोफळी पाखाडीवर आडव्या पडल्या होत्या, त्या कापायला धारेची करवत नव्हती. टॉवर पडले, फोन मुके. विहिरीला पाणी होतं पण पंप बंद, आणि रहाट तुम्ही आदल्या वर्षी मोडीत दिलेला. बीपीच्या गोळ्या संपत आल्या होत्या. कौलं उडालेल्या घरात कुणी चोरी करायला आलं नाही, उलट खालच्या आळीतली माणसं ताडपत्री घेऊन आली. त्यातून घर सोडायची वेळ आली असती तर? बंदूक मागे टाकून जाता येत नाही, ती हरवली तर जबाब तुम्हाला द्यायचा. म्हणजे शाळेत, तान्ह्या मुलांच्या आणि भिजलेल्या चटयांच्या गर्दीत, बाबा खांद्याला डबल बार अडकवून. पावसाळ्याआधीच ती पोलीस ठाण्यात किंवा शस्त्रविक्रेत्याकडे ठेवायला देता येते, पण मग ती वादळात उपयोगी कुठून पडणार? तसंही निवडणूक लागली की जमा करायची नोटीस येऊ शकते.

म्हणून मी रिव्हॉल्व्हरच्या पैशांचा हिशेब परस्पर करून टाकलाय, रागावू नका. मागच्या दाराला बाहेरून लोखंडी जाळीचा दरवाजा. खेडच्या फॅब्रिकेशनवाल्याशी बोलले आहे, तो चौकटीचं माप घ्यायला येईल. आतला लाकडी अडसर तुम्ही माळ्यावर टाकलाय तो काढून पुन्हा बसवा. आजकालच्या कडीकोयंड्यांपेक्षा तो बरा, बाहेरून सांडशीनं उचकटत नाही. खळ्यात आणि विहिरीपाशी माणूस हलला की लागणारे सौर दिवे. आईच्या उशाशी एक कळ आणि पत्र्याखाली भोंगा, दाबला की पार वाडीभर आवाज. या भोंग्याला परवाना लागत नाही आणि आई तो एकटीनं वाजवू शकते. ११२ हा आकडा दोघांच्या फोनवर पहिल्या बटणाला लावून देते. बिबट्या दिसला तर १९२६, वनखात्याचा. पोलीस पाटलांशी आणि खालच्या आळीतल्या तात्यांशी बोलून ठेवा, की भोंगा झाला तर बॅटऱ्या घेऊन निघायचं, त्यांच्याकडे झाला तर तुम्ही. आणि कुत्रा. आई नको म्हणते, कारण तो तिच्या रांगोळीवर झोपणार. झोपू दे.

करवत, दोन कंदील, रेडिओ, महिन्याची औषधं, प्लास्टिकच्या डब्यात सातबारा आणि आधार, हे मी येताना आणते. रहाट मात्र तुम्ही बघा, सुताराशी तुमचंच जमतं.

उरली आजोबांची बंदूक. ती विकून टाका असं मी म्हणणार नाही, दादानं म्हटलं तेव्हा तुमचा चेहरा मी व्हिडिओ कॉलवर बघितला. २०१६ च्या नियमांत सोय आहे: परवानाधारक सत्तरीला पोचला, किंवा बंदूक पंचवीस वर्षं त्याच्याकडे असली, की ती हयातीतच वारसाच्या नावावर करता येते. तुमच्या बाबतीत दोन्ही झालंय. दादाला रस नाही. माझ्या नावावर करा. प्रशिक्षणाचा दाखला, डॉक्टरचा दाखला, माझ्या इथल्या पोलीस आयुक्तांकडचा अर्ज, सगळं मी करीन. कारण म्हणून शेतीसंरक्षण मला लिहिता येणार नाही, पुण्यात फ्लॅटच्या गॅलरीत कढीपत्ता सोडून काही पिकत नाही. म्हणून मिळेलच असं धरून चालू नका, पण अर्ज तरी होऊ दे. तोवर ती रिकामी, कपाटात, आणि काडतुसं मोजून दुसऱ्या कपाटात. किल्ली देवाच्या फोटोमागे ठेवू नका, ती जागा सगळ्या गावाला माहीत आहे.

पुढच्या शनिवारी येते. बाबा, परवान्याचं पुस्तक, मागच्या नूतनीकरणाची पावती आणि आजोबांच्या नावावरून तुमच्या नावावर झालं तेव्हाचा कागद काढून ठेवा. पावती सापडत नसेल तर ती बहुतेक एलआयसीच्या फायलीत असेल, तिथे तुम्ही सगळंच कोंबता. आई, कोकमं वाळली असली तर किलोभर ठेव, इथली आंबट नसतातच.

तुमची,
बेबी