बेलाने गमावलं काय?

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

माळ्यावर टाक म्हणून सांगून गेलीस त्या 'ट्वायलाइट'च्या चारही कादंबऱ्या माळ्यावर गेल्याच नाहीत, माझ्या उशाशी आल्या. काल चौथी संपली. 'कशी वाटली?' या तुझ्या मेसेजला नुसता अंगठा पाठवून भागणार नाही, म्हणून हे पत्र. चौथीने माझी साफ निराशा केली.

'आई, तुझं वय नाही ते वाचायचं' असं लगेच म्हणू नकोस. पहिल्या तीन मी चवीने वाचल्या. दुसऱ्या भागात एडवर्ड, म्हणजे बेला जिच्यावर जीव टाकते तो रक्तपिपासू, न मरणारा व्हॅम्पायर, तिला सोडून जातो, तेव्हा पानावर फक्त महिन्याचं नाव येतं, ऑक्टोबर. मग नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. बाकी पानं कोरी. त्या वयातलं दुःख याहून नेमकं कसं सांगणार? आणि पहिल्या भागातला तो प्रसंग! वडिलांचा जीव वाचावा म्हणून बेलाला घर सोडायचं असतं. त्यांनी अडवू नये म्हणून ती, तिची आई नवऱ्याला सोडून जाताना जे बोलली होती, नेमकं तेच त्यांच्या तोंडावर फेकते. एवढा पोलीसप्रमुख, पण दारातच थिजतो. या चार्लीवर माझा जीव जडला तो तिथे. एडवर्ड तिच्या ट्रकच्या इंजिनातला भाग काढून ठेवतो, ती झोपलेली असताना चोरून खोलीत येऊन बसतो, यावर आपलं फोनवर भांडून झालंय. ते पुन्हा उकरत नाही. तसल्या मुलाला मी उंबरा ओलांडू देणार नाही, एवढंच.

माझी तक्रार वेगळी आहे. तीन भाग लेखिका स्टेफनी मायर आपल्याला बजावते की व्हॅम्पायर होणं म्हणजे सगळ्यावर पाणी सोडणं. आईवडील दुरावणार, मूल होणार नाही, आणि सुरुवातीला रक्ताची तहान अशी की समोरचं माणूस ओळखीचं आहे की अनोळखी, याचंही भान राहणार नाही. तिसऱ्या भागात एडवर्डच्या घरातलीच व्हॅम्पायर रोझली आपली कहाणी सांगते आणि बेलाला विनवते, तुला निवड करता येतेय, मला ती कुणी दिलीच नव्हती. ते वाचताना पोटात तुटलं. आता ही पोरगी काय करेल, या एका प्रश्नावर मी चौथा भाग हातात घेतला.

आणि चौथ्यात काय? सगळी देणी माफ! मूल होतं. बाळंतपण भयंकर आहे, झाकण-स्ट्रॉ लावलेल्या कपातून ती माणसाचं रक्त पिते, तेवढी पानं अंगावर येतात हे कबूल. पण त्यानंतर? पहिल्याच शिकारीला माणसाचा वास येतो आणि ती पाठ फिरवून पळून जाते. इतर व्हॅम्पायरांना वर्षानुवर्षं जे जमलं नाही, ते हिला पहिल्या दिवशी. चार्लीही दुरावत नाही. बेलावर जीव लावून बसलेला तिचा मित्र जेकब, जो लांडग्याचं रूप घेऊ शकतो, त्याच्यासमोर लांडगा होऊन दाखवतो, आणि तो बिचारा 'मला फार काही सांगू नका' म्हणत नातीला मांडीवर घेतो. मला चार्ली हवाच होता, पण असा फुकटात नको होता.

जेकबचं तर विचारूच नकोस. तीन भाग तो पोरगा जळत राहिला. त्याच्या दुःखावर उपाय काय, तर बेलाच्या तान्ह्या मुलीशी त्याची जन्माची गाठ! तुम्ही मैत्रिणी म्हणता, ते तसलं प्रेम नाही, ती मोठी होईपर्यंत तो दादासारखाच राहणार. असेल. पण त्याचं तीन भागांचं रडणं एका नजरेत पुसून टाकलं, त्याचं काय?

शेवटी त्या मुलीवरून जाब विचारायला व्होल्तुरी, म्हणजे व्हॅम्पायरांवर सत्ता गाजवणारी मंडळी, येतात. बर्फात दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या, साक्षीदार गोळा केलेले, निरोप लिहून ठेवलेले. मुलीबद्दल त्यांना खबर देणारी व्हॅम्पायर आयरिना मारली जाते, आणि मग चर्चा होऊन मंडळी परत जातात. २००८ साली हा भाग आला तेव्हा अमेरिकेत पहिल्याच दिवशी १३ लाख प्रती खपल्या होत्या. मध्यरात्री दुकानांबाहेर रांगा लावलेल्या त्या पोरींपैकी किती जणींनी शेवटचं पान उलटून 'एवढंच?' म्हटलं असेल!

तू म्हणशील, फॅन्टसी आहे, लॉजिक कशाला शोधतेस? मग कच-देवयानीची गोष्ट आठव. तिच्यात काय कमी अद्भुत आहे? मेलेला माणूस गुरूच्या पोटातून जिवंत बाहेर येतो. पण ज्या पोटातून आला, त्याच नात्याने देवयानी त्याची बहीण ठरते, आणि तो लग्नाला नाही म्हणतो. ती शाप देते, तुझी विद्या तुला फळणार नाही. तो उलटा शाप देतो, कुणी ऋषिपुत्र तुला वरणार नाही. ज्या जादूने जीव वाचला तिनेच प्रेम मोडलं, आणि दोघांपैकी कुणाचीही सुटका व्यासांनी केली नाही. मला बेलाकडून तसं काहीतरी हवं होतं. तिने एडवर्डलाच निवडलं असतं तरी चाललं असतं, पण चार्लीला कायमचं अंतरून. मग मी तिच्यावर चिडले असते, रडले असते आणि तुला रात्री अकराला फोन केला असता.

आता तुझं म्हणणं सविस्तर लिही. फोनवर नको, फोनवर तू 'आई, जाऊ दे ना' म्हणून विषय बदलतेस. आणि जेकबची बाजू घेणार असशील तर तयारीने घे. मामीने तिच्या धाकटीसाठी हा संच मागितलाय. पहिले तीन लगेच देते. चौथ्याचं तुझं उत्तर आल्यावर ठरवू.

तुझी,
आई