धारवाडच्या पत्त्यावर

येळ्ळूर,
६ नोव्हेंबर

चि. शालू हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तुला सोडायला स्टँडवर आलो नाही. आप्पांचा गुडघा दुखतोय असं आईनं तुला सांगितलं असणार. गुडघा बरा आहे. मी माडीवर बसून होतो. तू पायरीशी थांबून वर बघितलंस, तेही बघितलं.

पैशाचं काही विचारायचं नाही, असं ठरवूनच हे पत्र लिहायला घेतलंय. फोनवर आपल्या दोघांचाही आवाज चढतो.

बँकेतली पक्की नोकरी सोडून कन्नड कथा मराठीत आणायला धारवाडला खोली घेऊन राहायचं, हे मला अजून पचलेलं नाही. गावात कुणी विचारलं तर 'रजेवर आहे' म्हणून सांगतो. पण त्या रात्री 'या घरातनं काळ्या दिनाला माणसं जातात, इथं कन्नड पुस्तकांचा ढीग कशाला' असं म्हणालो, ते चुकलंच. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात घातलं, तोच हा काळा दिन. तेव्हा तुझे आजोबा २२ वर्षांचे होते. त्यांचं ते दुखणं मी पुढं चालवलं. परवाही दंडाला काळी फीत बांधून गेलो होतो, पुढच्या वर्षीही जाईन. पण ते तुझ्या पुस्तकांवर काढायला नको होतं.

आणि हा नाद तुला लावला कुणी? मीच. गणपत गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयातनं सायकलच्या पिशवीत घालून पुस्तकं आणायचो. तू तिसरीत असताना 'तोत्तोचान' आणलं होतं, आठवतं? आगगाडीच्या डब्यात भरणारी तोक्योची ती शाळा. तिथल्या मुलांच्या डब्यात रोज काहीतरी डोंगराचं आणि काहीतरी समुद्राचं लागायचं. ज्याचं एखादं कमी पडेल त्याला हेडमास्तरांची बायको दोन पातेली घेऊन वाढायची. दुसऱ्या दिवशी तू डबाच नेईनास. आई म्हणाली, डोंगर म्हणून राजहंसगड दाखवीन, समुद्र कुठनं आणू? मग शनिवारच्या बाजारातनं सुकट आली. सुकट आणि लाल भोपळ्याची भाजी. वर्गभर वास सुटला म्हणून तुझ्या बाईंची चिठ्ठी आली होती, ती माझ्याकडं आहे अजून.

माझी पहिली नेमणूक खानापूरच्या जंगलातल्या शाळेत. तिथं कंदिलाच्या उजेडात जी.एं.चं 'रान' वाचलं. मूळ लेखक कॉनराड रिश्टर, माणसं अमेरिकेतली, ओहायोच्या जंगलात शिरणारी. टेकडीवरून खाली बघताना त्या पोरीला आधी समुद्रच वाटतो, आणि असतात नुसते झाडांचे शेंडे. मी बाहेर येऊन बघितलं तर तसंच होतं, फक्त अंधार होता. ओहायो कुठं आहे हे मी दुसऱ्या दिवशी शाळेच्या नकाशात पोरांबरोबर शोधलं. जी.ए. हे धारवाडात बसूनच करत होते, तुझ्याच गावात. पण कॉलेजात इंग्रजी शिकवत होते ते. पगार होता.

बघ, आलंच.

'एका कोळियाने' करणारे पु.ल.सुद्धा एके काळी इथं राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते. हेमिंग्वेच्या त्या म्हाताऱ्याला ८४ दिवस मासा मिळत नाही. तुझ्या पुस्तकाचे पैसे कितव्या दिवशी मिळणार, हे प्रकाशकाकडनं लिहून घेतलंयस का? साने गुरुजी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात तमिळ शिकले आणि पुढं तमिळमधलं जुनं 'कुरल' मराठीत आलं. तुरुंगात दोन वेळचं तरी मिळत होतं. रागावू नकोस. शाळा सुटली तरी मास्तरकी सुटत नाही.

तू म्हणालीस ते मात्र टोचून राहिलंय. 'आप्पा, तुम्ही जपान, क्यूबा, ओहायो सगळं फिरून आलात, फक्त गल्ली ओलांडली नाही.' मला कन्नड येतं ते सर्क्युलर, जमिनीचा उतारा आणि बसची पाटी यांच्यापुरतं. जी भाषा ऑफिसातनं अंगावर येते, तिच्यात कुणी गोष्ट सांगत असेल असं मनातच येत नाही. भैरप्पांचं 'पर्व' मी तीन रात्रींत संपवलं, पण ते कन्नड आहे हे तेव्हा जाणवलंही नाही. करणाऱ्या उमाताई कुलकर्णी मूळच्या आपल्या बेळगावच्याच. त्यांना कन्नड वाचता येत नव्हतं. त्यांचे यजमान विरुपाक्षराव पुस्तक वाचून टेप करून ठेवायचे आणि त्या ऐकून मराठीत लिहायच्या. (विरुपाक्षरावांना नोकरी होती. एवढंच सांगतो.)

तू गेल्यावर टेबलावर तुझा एक कागद राहिलेला सापडला. म्हातारी कुंपणावरून सुनेला विचारते, 'ऊट आतेन?' तू लिहिलंयस 'कशी आहेस?' मग खोडून 'जेवण झालं का?' तेही खोडलंय आणि पुढं प्रश्नचिन्ह. कागद हातात घेऊन परड्यात गेलो तर पलीकडनं अव्वा नेहमीसारखं म्हणाल्या, 'ऊट आतेन्रि, मास्तर?' तीस वर्षं रोज दुपारी विचारतात. मी रोज 'आत्रि' म्हणतो, जेवलेलो नसलो तरी. काळ्या दिनालासुद्धा, फीत दंडाला असताना. त्यांना खरंच माझ्या जेवणाचं कळून घ्यायचं असतं असं नाही. आणि नसतं असंही नाही.

तिथं 'जेवलीस काय?' लिहून बघ. 'जेवण झालं का' हे लग्नातल्या वाढप्यासारखं वाटतं. आपल्यात 'जेवलीस काय' म्हणतात.

सुगी चालू आहे, खालच्या वाफ्याची कापणी झाली. जुन्यातली दहा किलो बासमती शुक्रवारी सकाळच्या बसनं पाठवतोय, कंडक्टर ओळखीचा आहे, स्टँडवर वेळेत जा. पिशवीत तळाला लोणच्याची बरणी आहे, उलटी करू नकोस. अव्वांनी तुझी चौकशी केलीय. खोलीचं भाडं किती, ते मात्र कळव.

तुझा,
आप्पा