निरोप कसला, नुसती जुळणी!

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत ‘अतिशीत अणूंद्वारे प्रकाशापेक्षा वेगवान निरोप’ हा मथळा वाचला. मी दूरध्वनी खात्यातला निवृत्त केबल जॉइंटर. मथळ्यावरून आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर पैजा लागल्या, म्हणून लिहितो.

मथळ्याचा सगळा भरवसा ‘गुंतलेल्या’ अणूंवर, म्हणजे दूर ठेवले तरी ज्यांची मोजमापे एकमेकांशी जुळतात अशा जोड्यांवर. समजा, अशा जोड्यांतला एकेक अणू ठाण्यात, दुसरा वाशीत ठेवला. दोन्हीकडे सारखेच मोजमाप केले की नाणेफेकीसारखी छापा किंवा काटा अशी येणारी उत्तरे जुळतात. पण ‘आता छापाच पडू दे’ असे ठाण्यातल्या माणसाला ठरवता येत नाही. त्याने काहीही केले तरी वाशीवाल्याला दिसतात निम्मे छापे, निम्मे काटे. याद्या जुळल्या हे कळायला शेवटी फोनच करावा लागतो! (उत्तरे आधीच ठरलेली असतील, असे म्हणूनही सुटका नाही. ती पळवाट प्रयोगांनी बंद केली, त्यासाठीच आस्पे, क्लाउजर आणि त्साइलिंगर यांना 2022 चे नोबेल मिळाले.)

मग अणू गार कशाला करायचे? खरी गंमत इथे आहे आणि पुरवणीने ती दोन ओळींत उरकली. दूरचे अणू गुंतवायचे ते फायबरमधून प्रकाश धाडून, पण चांगल्या फायबरमध्येही साधारण 15 किलोमीटरला निम्मा प्रकाश गळतो. आम्ही वाटेत रिपीटर बसवून सिग्नल वाढवायचो. एकट्या फोटॉनची, म्हणजे प्रकाशकणाची, क्वांटम अवस्था मात्र नक्कल करून वाढवता येत नाही. म्हणून वाटेतल्या केंद्रांवर लेझरने थंड करून जागच्या जागी धरलेले अणू ठेवायचे. शेजारच्या टप्प्यातले अणू गुंतेपर्यंत त्यांनी आपली अवस्था सांभाळायची, मग दोन टप्प्यांचा जॉइंट मारायचा. म्युनिकच्या संशोधकांनी 2022 मध्ये रुबिडियमचे दोन अणू 33 किलोमीटर फायबरमधून गुंतवले. बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, जवळजवळ तेवढीच ही लांबी. दोन्ही प्रयोगशाळा मात्र एकमेकींपासून 400 मीटरवर. अणूचा प्रकाश फायबरमध्ये लवकर विरतो, म्हणून त्याची तरंगलांबीही बदलावी लागली.

यातून हाती येते ती निरोपाला कुलूप लावायची गुप्त किल्ली, दोन्ही टोकांना सारखीच. कुलूपबंद निरोप जातो नेहमीच्याच वाटेने. अशा संशोधनासाठीच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला केंद्राने 2023 मध्ये 6,003 कोटींहून अधिक रक्कम मंजूर केली. पैसा कशावर जातो हे लोकांना नीट कळायला हवे. मथळ्याची दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच टायपात छापावी. आमच्या कट्ट्यावर हरलेले दोघे तोवर चहाचे पैसे द्यायला तयार नाहीत.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे