बालसंग्रहालय मुलांच्या चालीने पाहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीत मुलांना कुठे न्यावे, याची आपल्या पुरवणीतली यादी वाचली. त्यात बालसंग्रहालयांना जागा दिलीत याचा मनापासून आनंद झाला. मात्र ‘दोन तासांत सगळे पाहून होते’ हे वाक्य खटकले, आणि त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला घेऊन जाणाऱ्यांनी ते मुळीच मनावर घेऊ नये. या वयाच्या मुलाला दोन तासांत दोन गोष्टी मनसोक्त हाताळता आल्या, तरी ती फेरी सत्कारणी लागली असे मी म्हणेन.

मी बरीच वर्षे बालवाडीत शिकवले. अलीकडेच मुलगा, सून आणि चार वर्षांची नात यांच्याबरोबर एका बालसंग्रहालयात गेले होते. तिथे सावल्यांची एक अंधारी खोली होती. भिंतीला प्रकाश धरून ठेवणारा रंग लावलेला. भिंतीपुढे उभे राहायचे, क्षणभर लख्ख दिवा चमकतो आणि आपण बाजूला झालो तरी सावली भिंतीवर तशीच राहते. उजेड पडलेला भाग हिरवट चमकत राहतो, आपल्या अंगाने झाकलेला भाग काळा दिसतो. हळूहळू चमक उतरते, तशी सावलीही विरून जाते.

नातीने आपली सावली पाहिली आणि आधी स्वतःच्या पायांकडे बघितले. मग भिंतीपाशी जाऊन तळहाताने ती पुसायला लागली. “आजी, ही निघत का नाही?” मी एवढेच म्हटले, “पुन्हा करून बघू या का?” पुढच्या वेळी तिने एक हात वर केला. मग दोन्ही. मग एका पायावर उभी राहिली. नंतर तिने ठरवले की दिवा चमकेल तेव्हा उडी मारायची. ते काही केल्या जमेना; कधी उडी आधी, कधी नंतर. दिव्याच्या आधी बारीकशी टिकटिक होते हे तिच्या ध्यानात आले, तशी ती कान देऊन थांबू लागली. शेवटी एकदाची तिची सावली जमिनीपासून चांगली वीतभर वर, पाय अधांतरी, अशी भिंतीवर उमटली. “मी उडतेय!” म्हणून ती ओरडली, तेव्हा खोलीतली अनोळखी माणसेही हसली.

नेमका त्याच वेळी मुलगा म्हणाला, “चला, वरचा मजला अख्खा राहिलाय.” त्याचेही खरेच होते, तिकीट काढून आलो होतो आणि वर बरेच काही होते. पण मी त्याला थांबवले. तेवढ्या वेळात किती कुटुंबे आली, एकदा सावली उमटवून फोटो काढून पुढे गेली. एका लहानग्याला तर हाताला धरून ओढतच नेले. त्याची मान मात्र दारापर्यंत मागे वळलेली होती. मला फार वाईट वाटले.

माझ्या नातीचे चालले होते ते काही नुसते बागडणे नव्हते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होते ते बघायचे, हा प्रयोगच आहे, आणि तो तिला कोणी शिकवलेला नव्हता. इटलीच्या डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिले बालगृह सुरू केले. तिथला एक प्रसंग बालवाडीच्या शिक्षिकांना चांगला ठाऊक असतो. तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे त्यांच्या त्यांच्या भोकांत बसवत होती. काढायची, पुन्हा बसवायची. माँटेसरीबाईंनी इतर मुलांना गाणी म्हणायला लावली, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, तरी तिचे काम थांबेना. बाईंनी मोजले तर चाळिसाहून अधिक वेळा तिने तेच केले होते. मन भरले तेव्हा आपणहून थांबली, आणि दमलेली नव्हे तर ताजीतवानी दिसत होती. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांनी हाच विचार आपल्याकडे रुजवला. मूल गढून गेलेले असताना मोठ्यांनी मध्ये पडू नये, हा आमच्या कामातला पहिला धडा होता.

बालसंग्रहालयाची कल्पनाही याच विचाराच्या जवळची आहे. जगातले पहिले बालसंग्रहालय १८९९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात उघडले. बॉस्टनचे १९१३ मधले. तिथे १९६२ मध्ये मायकेल स्पॉक संचालक झाले. बालरोगतज्ज्ञ डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे हे चिरंजीव. त्यांना स्वतःला लहानपणी डिस्लेक्सियामुळे वाचन जड जात असे. त्यांनी काचेच्या कपाटांतल्या वस्तू बाहेर काढल्या आणि मुलांना हाताळू, उघडू, आत डोकावू दिले. ज्याला पाटी वाचता येत नाही त्यालाही इथे काही उमगले पाहिजे, हा त्यामागचा भाव मला फार मोलाचा वाटतो. चार वर्षांच्या मुलाला तर कुठलीच पाटी वाचता येत नाही.

म्हणूनच अशी संग्रहालये चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, नवी दालने वाढवण्याआधी जे आहे ते चालू ठेवा. आम्ही गेलो तिथे पाण्याच्या टेबलावर ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशी पाटी होती. पाणी अडवायच्या फळ्या आणि छोटे चाक समोर दिसत होते, पण पाणीच नव्हते. लहान मुलाला ‘बंद’ म्हणजे काय हे समजावणे फार अवघड असते. ते तिथेच उभे राहते आणि रडते. हाताळायच्या वस्तू मोडणारच, त्यासाठी दुरुस्तीचा माणूस आणि सुटे भाग हाताशी हवेत. दुसरे, मोठ्यांना बसायला जागा द्या, आणि ती कोपऱ्यात नको, खेळाच्या शेजारी हवी. माझा मुलगा घाई करत होता त्याचे निम्मे कारण हे की तो बराच वेळ ताटकळत उभा होता. आजी-आजोबांचे तर विचारूच नका. शाळांच्या सहली येतात त्या वेळी अगदी लहानग्यांचा टिकाव लागत नाही, तेव्हा त्यांच्यासाठी सकाळचा पहिला तास राखून ठेवता आला तर बरे. गोंगाट आणि लखलखाट ज्यांना सोसत नाही अशा मुलांसाठी अनेक ठिकाणी आवाज आणि दिवे कमी करून वेगळी वेळ ठेवतात, तीही सगळीकडे असावी. आणि त्याच तिकिटावर दिवसभरात बाहेर जाऊन परत येऊ द्यावे. मूल दमते, पेंगते, कपडे भिजवते. तासभर बाहेर विसावले की पुन्हा टवटवीत होते.

मदतनीसांविषयीही लिहायला हवे. हवेच्या नळ्यांपाशी एक ताई होत्या. पारदर्शक नळीच्या तोंडाशी रुमाल धरला की हवा तो आत ओढून घेते आणि वरून बाहेर फेकते. एक मुलगी रुमालाऐवजी आपला मोजा घालायला निघाली. ताई रागावल्या नाहीत, “तो जड आहे, जाईल का गं वर?” एवढेच त्यांनी विचारले. मोजा गेला, आणि रुमालाच्या आधी खाली पडला. अशी माणसे संग्रहालयाला मिळाली की यंत्रे साधी असली तरी चालतात.

आईवडिलांना मी एवढेच सुचवीन की, मुलाला आधी एक चक्कर मारू द्या, ते जिथे थबकेल तिथे तुम्हीही बसा. त्याच्या प्रश्नाचे उत्तर लगेच देऊ नका, त्याला एकदा करून बघू द्या. निघायचे असेल तेव्हा एकदम उचलून नेऊ नका. ‘आता शेवटचे तीन वेळा’ असे आधी सांगितले की मुले बहुधा ऐकतात. आमच्या नातीनेही ऐकले. वरचा मजला आम्ही पाहिला नाही, आणि घरी येईपर्यंत तिला त्याची आठवणही झाली नाही.

आपल्यालाही एक सूचना. पुढच्या वेळी अशी यादी छापताना ‘किती वेळात पाहून होते’ याऐवजी तिथे कोणत्या वयाच्या मुलांना काय हाताळता येते, किती वस्तू प्रत्यक्ष चालू आहेत, मोठ्यांना बसायची सोय आहे का आणि परत आत सोडतात का, एवढी माहिती द्यावी. आपल्या वार्ताहरांनी शक्य तर एखाद्या लहान मुलाला बरोबर नेऊनच ती गोळा करावी.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका