बाळ्यास, लाईट गेली म्हणून

गुहागर, 14 जून

प्रिय बाळ्या,

पत्र बघून हसशील. तीनदा तुझा नंबर काढला होता. पण तू "बोल" म्हणालास की मी पावसापाण्याचं विचारणार आणि ठेवून देणार. तब्येत बरी आहे. गुडघा तसाच, कानांचं विचारू नकोस.

बोटीवरून साइन ऑफ होऊन 18 दिवस झाले. सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, जागेवर यायला रिलीव्हर मिळेना म्हणून नऊ भरले. या खेपेला सुएझ कालवा बघितलाच नाही. 2023 च्या अखेरीला तांबड्या समुद्रात बोटींवर हल्ले सुरू झाले, तेव्हापासून आमचे लोक आफ्रिकेला वळसा घालतात. जाताना दहा-बारा दिवस जास्त, येताना तेवढेच. आमचा सेकंड इंजिनिअर, दो साब, म्हणायचा, पगार चालू आहे ना?

तर परवा रात्रीचं. लाईट गेली. पाऊस लागला की जातेच, त्यात काय. पण पंखा थांबला आणि मी ताडकन उठलो. बाळ्या, बोटीवर मशीनचा आवाज थांबला म्हणजे काय, हे तुलाच कळेल. अंधारात बॉयलर सूट शोधतोय, बूट शोधतोय आणि तोंडाने आकडे मोजतोय. 45 सेकंदांच्या आत इमर्जन्सी जनरेटर लोडवर आला पाहिजे, तूच शिकवलंस ना, बोटीचे इलेक्ट्रिशियन बत्ती साब? मोजत मोजत पडवीत आलो आणि खांबावर कपाळ आपटलं. आईने बॅटरी मारली. उघडाबंब मुलगा "अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास" करतोय. ती काय समजायची ते समजली. सकाळी मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, व्याडेश्वराला नारळ बोलली. मिरच्या ठसकल्या नाहीत म्हणजे बाधा जबरदस्त आहे म्हणे.

मंजू हसली नाही. कपाळाला हळद लावताना म्हणाली, "तिकडे रात्री असं काय होतं हो?" बारा वर्षांत पहिल्यांदा विचारलंन. मी म्हटलं, डास होते.

आता तुझ्या मनात काय आलं ते मला माहीत आहे. सिंगापूरच्या अलीकडे आपल्या बोटीचा ब्लॅकआऊट झाला, चारी बाजूंना बोटी, आणि लाईट आल्यावर तू म्हणालास, हे माझं शेवटचं कॉन्ट्रॅक्ट. मी तुला कंट्रोल रूममध्ये सगळ्यांदेखत भागूबाई म्हणालो. वर 2021 च्या चिपळूणच्या पुरात तुझ्या दुकानात छातीभर पाणी शिरलं, तेव्हा तीन आठवड्यांनी फोन करून काय बोललो? "पाण्याला भिऊन पळालास, पाणी पत्ता विचारत आलं." मला तेव्हा तो विनोद वाटला होता. तू फोन ठेवलास ते बरोबरच केलंस. (कॅरमच्या सोंगट्या मात्र तूच नेल्यास, ते मी सोडणार नाही.)

ऑफिसातून रोज फोन येतो. मेडिकल करून घ्या, पुढच्या महिन्यात जॉइन व्हा. मी फोन तांदळाच्या डब्यात ठेवलाय. मंजूला सांगितलं, पावसात भिजला. वरचा मजला अर्धा आहे, सळया गंजायला लागल्यात, हप्ता पाच तारखेला जातो. हे सगळं मांडलं की जायलाच हवं असं निघतं. पुन्हा मांडतो, पुन्हा तेच निघतं. तरी डबा उघडत नाही. भीती वाटते असं अजून कुणाजवळ बोललो नाही. आईला नारळ पुरतो, पण मंजू रात्री पंख्याकडे बघत जागी असते, ते मला दिसतं.

तू गेलास तेव्हा घरी काय सांगितलंस? पहिला महिना कसा काढलास? दुकानात मोटर वायंडिंगच्या कामाला दुसरा माणूस लागतो का रे, की उगाच म्हणून विचारतोय?

वहिनींची बदली रद्द झाली का? पोराला दहावीला किती पडले ते मंजूने सांगितलं होतं, विसरलो. पेढे घेऊन येतो.

मंगळवारी सकाळच्या एसटीने चिपळूणला येतोय. विहिरीवरचा पंप बरोबर आणतो. पंप चालू आहे. तरी उघडून बघ.

तुझा,
पक्या